पावणेसहाशे वॅट

नवं ग्राफिक्स कार्ड येणार अशी कुणकुण लागली की बहुतेक लोक ते किती पळेल याची चर्चा करतात. मला पहिली उत्सुकता असते ती ते किती तापेल याची. मग ते तापणं आवरायला कंपनीने काय शक्कल लढवली आहे याची. किमतीचा नंबर सगळ्यात शेवटी, कारण ती कितीही असली तरी ते कार्ड माझ्या घरी येणार नाही हे आधीच ठरलेलं असतं. गेम मी खेळतो ते अधूनमधून, तेही जुने. माझ्या कॅबिनेटमधलं कार्ड मध्यम प्रतीचं आहे आणि इमानेइतबारे चाललं आहे. तरीही २०२४ची दिवाळी ते २०२५ची संक्रांत हा सगळा काळ मी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या कार्डाची वाट बघण्यात घालवला, आणि तो काळ मोठ्या मजेत गेला.

या वाट बघण्यातला माझा जोडीदार म्हणजे माझा भाचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. एरवी आमचं बोलणं सणावारी व्हायचं, तेही बहिणीने फोन त्याच्या हातात कोंबला तर. त्या दिवसांत मात्र रात्री जेवणं उरकली की त्याचा मेसेज यायचाच. ‘मामा, सहाशे वॅट म्हणतायत.’ मी लिहायचो, ‘शक्य नाही.’ तो लिहायचा, ‘पैज?’ मग अकरा-साडेअकरापर्यंत आम्ही कुणीही न पाहिलेल्या वस्तूवर भांडायचो.

वॅटवरच माझा एवढा डोळा का, तर कार्डाबद्दल कंपनी जे जे सांगते त्यातलं बरंचसं तिच्या शब्दावर घ्यावं लागतं. वेगाचंच बघा. ५०९०च्या पिढीत पडद्यावर दिसणाऱ्या दर चार फ्रेमपैकी तीन फ्रेम गेमने काढलेल्याच नसू शकतात. शेजारच्या फ्रेम पाहून कार्ड त्या अंदाजाने रंगवतं आणि मधे घालतं. त्या जमेस धरल्या की तक्त्यातला खांब पाहिजे तेवढा उंच काढता येतो. याच पिढीतलं ५४९ डॉलरचं ५०७० हे आधीच्या पिढीतल्या १५९९ डॉलरच्या ४०९०च्या तोडीचं आहे, असं कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी मंचावरून सांगितलं ते याच हिशेबाने. किमतीचा आकडा तर काय, तो भाषणापुरता खरा असतो. पण वॅटचा आकडा असा वाकवता येत नाही. ग्राफिक्स कार्ड काही उचलत नाही, ढकलत नाही, वर चढवत नाही. त्यात ५७५ वॅट शिरले की त्यांची ५७५ वॅट उष्णताच होणार, आणि ती कुठूनतरी बाहेर पडणार. पंख्यांनी हलवलेली हवासुद्धा शेवटी खोलीत घुसळून तिथली उष्णताच वाढवते. आकड्यांच्या या बाजारात एवढी एकच गोष्ट अशी आहे की जी पदार्थविज्ञानाच्या भीतीने खरं बोलते.

आणि ती आधीच सगळं सांगून टाकते. ४०९० हे कार्ड २०२२च्या ऑक्टोबरात आलं ते ४५० वॅटचं. ५०९०ची चिपही तैवानच्या टीएसएमसीत जवळपास त्याच प्रक्रियेवर बनणार होती. प्रक्रिया तीच, म्हणजे एकेक ट्रान्झिस्टर काही फारसा काटकसरी झालेला नाही. मग जास्त काम हवं असेल तर जास्त ट्रान्झिस्टर, त्यासाठी मोठी चिप, तिच्यासाठी जास्त वीज. चिप ६०९ चौरस मिलिमीटरवरून ७५०वर गेली, ट्रान्झिस्टर ७६ अब्जांवरून ९२ अब्जांवर, वीज ४५०वरून ५७५वर. सव्वापटीच्या जरा वर. कार्ड हातात पडल्यावर परीक्षकांनी अंदाजाने रंगवलेल्या फ्रेम बाजूला ठेवून मोजलं, तेव्हा ४के पडद्यावर वेगही पंचवीस ते पस्तीस टक्क्यांच्या घरात वाढलेला निघाला. किंमत १५९९वरून १९९९ डॉलर झाली, म्हणजे सव्वापटच. वेग, वीज आणि पैसा हातात हात घालून चढले. भाषण ऐकायच्या आधी ज्याला वॅट कळले होते त्याला बाकीचं तोंडी गणितात काढता आलं असतं.

पूर्वी असं नव्हतं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवत गेलं तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात आणि उष्णता मात्र वाढत नाही. त्या आशीर्वादावर हा धंदा तीस वर्षं चालला. २००५च्या आसपास व्होल्टेज उतरायचं थांबलं आणि आशीर्वाद संपला. तेव्हापासून कार्डाचा इतिहास हा निम्मा चिपचा आणि निम्मा तिच्या डोक्यावरच्या तांब्या-अॅल्युमिनियमचा आहे. माझ्या मते दुसरा निम्मा जास्त रंगतदार.

त्यात विनोदी पात्रंही आहेत. २००३ साली आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका किंचाळायचा की लोकांनी त्याला हातात धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरचं नाव ठेवलं. शेवटी एनव्हिडियाच्याच लोकांनी स्वतःची टर उडवणारी फिल्म काढली. त्यात हे कार्ड केस वाळवायला आणि अंगणातला पाचोळा उडवायला वापरलेलं दाखवलं होतं. २०१०चं जीटीएक्स ४८० एवढं तापायचं की त्यावर अंडी तळून दाखवणाऱ्यांची रांग लागली. ते कार्ड २५० वॅटचं होतं. आज २५० वॅट म्हणजे मधल्या फळीतलं, गरीब स्वभावाचं कार्ड, आणि ते कुणाला ऐकूही येत नाही. फरक चिपमध्ये पडलेला नाही. वॅट तेवढेच आहेत. फरक पडला तो धातूच्या पट्ट्यांच्या क्षेत्रफळात आणि पंख्याच्या आकारात. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने वाढतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवलेला बरा. एवढं साधं शहाणपण यायला या धंद्याला बरीच वर्षं लागली, आणि ते आलं तसं कार्ड फुगत गेलं. एका स्लॉटचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या एका खाचेएवढी जागा अडवणारं, ते दोनचं झालं, दोनाचं तीनचं. ४०९०ची एनव्हिडियाने स्वतः केलेली आवृत्ती, म्हणजे फाउंडर्स एडिशन, ६१ मिलिमीटर जाड होती. इतर कंपन्यांची त्याहून धिप्पाड. इतकी, की कार्ड स्वतःच्या वजनाने मदरबोर्डवर वाकू नये म्हणून खोक्यात टेकू द्यायची पद्धत पडली.

या पार्श्वभूमीवर ती अफवा आली. एका टोपणनावाने लिहिणाऱ्या, पण आधी बऱ्याचदा खऱ्या ठरलेल्या माणसाने सांगितलं की ५०९०ची फाउंडर्स एडिशन दोनच स्लॉटची असेल. दोन स्लॉट, दोन पंखे, आणि वीज सहाशेच्या आसपास.

भाच्याने ते मला पाठवलं तेव्हा खाली फक्त हसणारे चेहरे होते. मीही हसलो. आदल्या वर्षी बाजारात न आलेल्या एका चार स्लॉटच्या कूलरचे फोटो फिरले होते. त्यात सर्किट बोर्ड आडवा करून मदरबोर्डला समांतर नेला होता आणि बाकी सगळी वीट धातूची. मला वाटायचं, पुढचं पाऊल तेच असणार. कारण ४५० वॅटला जर तीन स्लॉट लागतात तर सहाशे वॅटला दोन कसे पुरतील? त्रैराशिक सरळ उलटं पडत होतं. आणि तरी ती अफवा खरी ठरावी असं मला मनापासून वाटायला लागलं. मोठा कूलर काय, कुणीही करील. धातू ओतला की झालं. लहान कूलर करायला डोकं लागतं.

पुढची गोष्ट नागपूरकराला जास्त कळेल असं मला वाटतं. कार्डांची परीक्षणं होतात ती एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत. ‘कार्ड ७५ अंशांवर स्थिर राहिलं’ असं त्यात लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ते खोलीपेक्षा चोपन्न अंश वर राहिलं. कूलर खोलीच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. तो फक्त खोलीच्या किती वर थांबायचं हे ठरवतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीच्या पुढे असतो आणि वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत दुपारी चाळीस सहज. त्यात चोपन्न मिळवा. कार्ड तिथवर पोचतच नाही. नव्वदीच्या आसपास ते स्वतःच हातपाय आखडतं, वेग कमी करतं, पंखे जिवाच्या आकांताने फिरायला लागतात. म्हणजे तेच कार्ड, तेवढेच पैसे, पण अकोल्यात, जळगावात, चंद्रपुरात ते मे महिन्यापुरतं जरा खालच्या दर्जाचं कार्ड होतं. हे कुठल्याच तक्त्यात नसतं. म्हणून आमच्याकडच्या माणसाने कूलरचं परीक्षण आधी वाचावं आणि फ्रेमचं मागाहून, असं माझं मत आहे, आणि ते भाच्याला कधीच पटलेलं नाही. पुण्याच्या हवेत राहून तो बिघडला आहे.

पण विदर्भात वाढलेल्या माणसाला या कार्डांच्या पोटातली युक्ती समजायला वेगळं शिकावं लागत नाही. खिडकीत लावलेल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, हवा त्यातून जाते, पाण्याची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पाण्याला वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते, या एकाच गुणावर आमचे उन्हाळे निघाले. व्हेपर चेंबर म्हणजे तोच गुण डबीत बंद केलेला. तांब्याची चपटी पोकळ डबी, आतून तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर, त्यात थोडंसं पाणी, आणि हवा काढून घेतलेली. हवेचा दाब पाचव्या हिश्शावर आणला तर पाणी साठ अंशांनाच उकळतं. चिपला टेकलेल्या बाजूला ते उकळतं, वाफ पलीकडच्या थंड बाजूला पळते, तिथे पुन्हा पाणी होते, आणि अस्तर ते पाणी टीपकागदासारखं शोषून परत चिपकडे आणतं. पंप नाही, मोटार नाही, टाकी भरायची कटकट नाही. ५७५ वॅट वाहून न्यायला सेकंदाला साधारण पाव ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. पाव ग्रॅम! तेच पाणी पुन्हा पुन्हा जाऊन परत येतं. हीच युक्ती नळीत केली की तिला हीट पाइप म्हणतात. तिचा पाया अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३मध्ये पक्का केला, तो अवकाशातल्या अणुभट्ट्यांची उष्णता काढायला. ती आज गेम खेळणाऱ्या पोरांच्या टेबलाखाली आहे.

आणि पाणी कमी पडलं तर काय होतं, हेही एकदा दिसलं. २०२२च्या डिसेंबरात एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचं रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आलं. त्यातली काही कार्डं ११० अंशांना भिडायला लागली. जर्मनीतले रोमान हार्टुंग, ज्यांना सगळे डेरबाउअर या नावाने ओळखतात, त्यांनी ती कार्डं उभी-आडवी करून मोजली आणि बोट व्हेपर चेंबरवर ठेवलं. शेवटी एएमडीनेच कबूल केलं, की एका तुकडीतल्या डब्यांत पाणी पुरेसं भरलेलं नव्हतं. हजार डॉलरचं कार्ड काही थेंबांनी अडलं! ही बातमी मी घरात वाचून दाखवली तेव्हा आमची आई म्हणाली, ‘मग टाकायचं ना पाणी.’ डबी कायमची सीलबंद असते हे तिला सांगितलं, पण तिची सहानुभूती काही मिळाली नाही.

५०९० जाहीर करणारं ह्वांग यांचं भाषण लास वेगासमध्ये २०२५च्या ६ जानेवारीच्या संध्याकाळी सुरू झालं तेव्हा आमच्याकडे ७ तारखेची सकाळ, आठ वाजले होते. ह्वांग चकाकणारं काळं जाकीट घालून आले. भाच्याने कॉलेजला दांडी मारली होती. मी चहाचा कप घेऊन फोनसमोर. कार्ड त्यांनी हातात धरलं, आणि ते खरोखर दोन स्लॉटचं होतं. लांबी-रुंदी ४०९०चीच, ३०४ बाय १३७ मिलिमीटर. जाडी मात्र एका अख्ख्या स्लॉटने कमी. भाच्याचा मेसेज आला, ‘मामा!!!’ एवढाच.

ते कसं जमलं हे पुढच्या दिवसांत उलगडत गेलं, आणि माझ्या मते त्या पिढीतली खरी कारागिरी हीच. नेहमीच्या कार्डात सर्किट बोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत असतो. पंखे पट्ट्यांवर हवा मारतात, हवा बोर्डावर आपटते आणि वाट फुटेल तिकडे बाजूने निसटते. पट्ट्या जाड ठेवाव्या लागतात त्या याचमुळे. २०२०च्या ३०९०मध्ये एनव्हिडियाने बोर्ड आखूड करून एका पंख्याची वाट मोकळी केली होती. हवा एकीकडून आत आणि सरळ दुसरीकडून बाहेर. ५०९०मध्ये त्यांनी बोर्ड दोन्ही पंख्यांच्या मधल्या जागेत कोंबला. मदरबोर्डमध्ये बसणारी कड वेगळ्या छोट्या बोर्डवर, मॉनिटरच्या वायरी लावायची तोंडं तिसऱ्या बोर्डवर, आणि हे तिघे लवचीक जोडण्यांनी एकत्र. आता दोन्ही पंख्यांपुढे आरपार रस्ता. कार्डाचा मधला तळहाताएवढा भाग सोडला तर उरलेल्यातून पलीकडचा उजेड दिसतो. जाडीची गरजच काढून टाकली.

चिप आणि तांबं यांच्या मधे नेहमीची पेस्ट न लावता द्रवरूप धातू लावला, गॅलियमचा मिश्रधातू. शुद्ध गॅलियम तीस अंशांच्या किंचित खाली वितळतं. नागपूरच्या उन्हाळ्यात ते फळीवर ठेवल्या ठेवल्या पाणी होईल. पेस्टपेक्षा ते उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतं, पण फार खोडकर आहे. विजेचं वाहक असल्यामुळे थेंब बाजूला ओघळला तर शॉर्ट सर्किट. आणि अॅल्युमिनियमला शिवलं तर त्याला आतून पोखरून भुसभुशीत करतं. म्हणून त्याच्याभोवती बांधावर बांध घातलेले.

या सगळ्यात खोट एकच, आणि ती कुठल्याही हुशारीने जाणारी नाही. आरपार गेलेली गरम हवा कॅबिनेटमध्ये वर चढते आणि थेट प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडात जाते. उष्णता कमी झालेली नसते, शेजाऱ्याकडे पाठवलेली असते.

आता किंमत. भाषणापूर्वीचे दोन महिने अडीच हजार डॉलर, काही जण तर त्याहून वर, असं कानांवर आदळत होतं. त्यामुळे मंचावर १९९९ हा आकडा उमटला तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला, विकत घ्यायचं नसूनही. अफवांचा हा उपयोग कुणी मुद्दाम करत असेल की नाही देव जाणे, पण होतो खरा. जरा मागे वळून पाहिलं तर २००६चं सगळ्यात वरचं ८८०० जीटीएक्स ५९९ डॉलरचं होतं, २०१७चं १०८० टीआय ६९९चं. त्यानंतर २०२०मध्ये ३०९० आलं ते १४९९ला. तीन वर्षांत दुपटीहून जास्त. मधे करोना, मधे इथेरियम या आभासी चलनाच्या खाणी खोदणाऱ्यांनी दुकानं धुऊन नेलेली. पुढे २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमचं ते खाणकाम बंद पडलं, तरी भाव काही खाली उतरले नाहीत, कारण एव्हाना दुसरं मोठं गिऱ्हाईक दारात उभं होतं. जानेवारी २०२५मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर गेली. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे. गेमिंगचे साधारण अकरा. ज्या वेफरवर एआयच्या चिप कापता येतात तीच आपल्यासाठी खर्ची घालायची, तर ते आपल्याला फुकट कसं देतील? ज्याच्या जिवावर दुकान उभं राहिलं तो खेळणारा पोरगा आता तिथे किरकोळ गिऱ्हाईक आहे. दुकानदार त्याला हसून बोलतो, एवढंच.

भारतातली जाहीर किंमत होती २,१४,००० रुपये. १९९९ला तेव्हाच्या भावाने गुणलं आणि १८ टक्के जीएसटी चढवला तर दोन लाखांच्या थोडं वर जातं, तेव्हा ती फार अवाजवीही नव्हती. अमेरिकेतल्या किमतीत तिथला कर धरलेला नसतो हे आपण विसरतो आणि उगाच आपल्या सरकारला शिव्या घालतो. पण ही किंमत कागदावर. तिकडे अमेरिकेत लोक दुकानांबाहेर तंबू ठोकून बसले आणि ३० जानेवारीला माल आला तसा उडाला. इकडे नागपुरात मी आपला बर्डीवरच्या नेहमीच्या दुकानात गेलो, पेन ड्राइव्ह घ्यायचं निमित्त करून.

‘भाऊ, ५०९० आलं का?’

त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. ‘तुम्हाला पाह्यजे?’

‘विचारून ठेवतो.’

‘स्टॉक नाही ठेवत आपण. एवढे पैसे कोण अडकवून ठेवते? अॅडव्हान्स द्या, मुंबईहून मागवून देतो. तीनच्या आसपास धरून चाला. कंपनीवर आहे, तीन पंख्याचं का चार पंख्याचं.’

‘अन् ते दोन पंख्यांचं? फाउंडर्स?’

‘ते फोटोत पाहायचं,’ तो म्हणाला, आणि पेन ड्राइव्हचं बिल फाडलं.

म्हणजे ज्या कारागिरीसाठी मी एवढे दिवस झुरत होतो ती बर्डीपर्यंत येणारच नव्हती. येणार होती ती इतर कंपन्यांची जुन्या पद्धतीची जाडजूड कार्डं. त्यातलं आसुसचं एक तर चौथा पंखा पाठीवर घेऊन आलेलं. त्यांचं कूलिंग उत्तम असतं, नाही असं नाही. पण त्यात विचार कमी आणि वजन जास्त.

फेब्रुवारीत उष्णतेने दुसरीकडून डोकं वर काढलं. चिपवरचे पावणेसहाशे वॅट इतक्या देखण्या रीतीने बाहेर काढले, पण ते आत ज्या वाटेने येतात त्या वाटेकडे कुणी तितकं प्रेमाने पाहिलं नव्हतं. बारा व्होल्टवर एवढी वीज म्हणजे ४८ अँपिअर, आणि ते बोटभर प्लगच्या सहा पिनांतून. प्रत्येकीला आठ आले तर ठीक. ४०९०च्या वेळीही हा प्लग वितळल्याच्या घटना घडल्या होत्या, तेव्हा प्लग पुरता न बसवल्याचं कारण पुढे आलं आणि आतली रचना थोडी सुधारली गेली. ५०९०चे प्लग वितळल्याचे फोटो आले तेव्हा पुन्हा डेरबाउअर यांनीच मोजलं: एका तारेतून वीसहून जास्त अँपिअर जात होते, आणि बाकीच्या काही तारांतून फारच थोडे. पॉवर सप्लायकडच्या टोकाला प्लग १५० अंशांपर्यंत तापलेला. ३०९० टीआयच्या बोर्डवर या सहा तारांच्या तीन जोड्या वेगळ्या ठेवून भार वाटून दिला जायचा; पुढच्या कार्डांत सगळ्या तारा आत शिरल्या शिरल्या एकत्र बांधल्या. मग वीज जिथे विरोध कमी तिथून जाते. चारदोन रुपयांचा घटक वाचवला की जागा वाचवली, आपण काय सांगणार. पण दोन हजार डॉलरच्या वस्तूत ही काटकसर मला अजून पचलेली नाही. भाचा म्हणतो, मामा तुम्ही प्लगवर फार चिडता. मी खरंच चिडतो.

एप्रिलमध्ये ते कार्ड अखेर जवळून पाहायला मिळालं. धरमपेठेतल्या एका आर्किटेक्ट मित्राने रेंडरिंगच्या कामासाठी घेतलं, तीन पंख्यांचं, साडेतीन स्लॉट अडवणारं. ते कॅबिनेटमध्ये बसावं म्हणून पुढचे दोन पंखे काढावे लागले होते. खाली खोक्यातून आलेला टेकू. पट्ट्या इतक्या जवळजवळ की नख जाणार नाही, आणि दोन महिन्यांत त्यांच्या कडांवर धुळीची करडी रेघ धरलेली. त्याने एका बंगल्याचं दृश्य रेंडरला लावलं. पहिलं मिनिट काहीच नाही. मग पंखे फिरायला लागले, आवाज म्हणावा असा नाहीच, आणि कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर मी तळहात धरला तो थोड्याच वेळात काढावा लागला. पूर्ण कॉम्प्युटर त्या वेळी आठशेच्या आसपास वॅट ओढत होता. एक टनाचा एसी खोलीतली साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची जवळपास पाव ताकद या एका डब्यापायी जात होती. मित्र म्हणाला, ‘दुपारी कार्ड अन् एसी दोन्ही लावलं की मीटर पळते. म्हणून मोठी रेंडर रात्रीच लावतो.’

मी विचारलं, प्लग नीट बसला आहे ना?

‘लावणाऱ्या पोराने सांगितलं होतं, टक् वाजेपर्यंत दाबायचा. वाजलं का नाही ते काही आठवत नाही. म्हणून रोज सकाळी पाहतो.’

‘आज पाहिलास?’

‘आज साइटवर गेलो होतो.’

मग त्याने रेंडर थांबवलं, मी मोबाइलचा टॉर्च धरला, आणि आम्ही दोघं टेबलाखाली वाकून पाहू लागलो. बसलेला होता.